दुसरा कान

यशोधरा शेजवळला फुकट मिळालेल्या गोष्टीचा आधी वास घ्यायची सवय होती. भाजीवाल्याने वरून कोथिंबीर टाकली, तर ती मेथीची जुडी उलटून बघायची. गॅसची टाकी काट्यावर चढवल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मोबाइलवर आलेली कुठलीही लिंक, मग ती सख्ख्या भाच्याने पाठवलेली का असेना, ती उघडत नसे. बदलापूरला मांजर्लीतल्या तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या बनूबाई म्हणायच्या, "शेजवळबाईंच्या दारात साक्षात देव आला, तरी आधी आधार कार्ड मागतील."

"मागेनच," यशोधरा म्हणायची. "देवाला दाखवायला काय हरकत आहे?"

हा स्वभाव काही तिने आईच्या पोटातून आणलेला नव्हता. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये सिंधी मुकेश सेठचं डीटीपीचं दुकान होतं, तिथे तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, बुद्धवंदनेच्या पुस्तिका, कापडवाल्यांची बिलबुकं, काय वाटेल ते तिच्या हाताखालून गेलं. सेठ माणूस वाईट नव्हता. पण टायपिंगचं सॉफ्टवेअर एका बोटभर कुलपावर चालायचं. कंप्युटरच्या मागे ते खोचलं की मराठी अक्षरं उमटायची, काढलं की सगळं ठप्प. एके दिवशी ते कुलूपच मेलं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुकानातल्या सगळ्या फायली उघडल्यावर नुसती चिन्हं आणि चौकोन दिसायला लागले. त्यात यशोधराने वडिलांकडून ऐकून टाइप केलेल्या त्यांच्या आठवणीही होत्या. वडील तोवर राहिले नव्हते.

"सांई, मी तर पुरे पैसे भरून घेतलं होतं," सेठ हताशपणे म्हणाला. "आता कोणाची मान पकडू?"

दुकान उठलं. मालकाची मान दिसत नसेल, तर त्या गोष्टीवर विसंबायचं नाही, एवढं मात्र यशोधराच्या मनात पक्कं बसलं.

त्यामुळे अंबरनाथच्या विहाराच्या अभ्यासिकेत नरेंद्रने जुन्या कंप्युटरवर नवीन सॉफ्टवेअर घालायला घेतलं, तेव्हा ती त्याच्या डोक्यावरच उभी राहिली. नरेंद्र एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. पाळी संपवून थेट आला होता, शर्टाला ऑइलचा वास येत होता.

"किती घेणार?" तिने विचारलं.

"काही नाही, ताई. मोफत आहे. आणि मोकळंही आहे. आतलं सगळं उघडून बघता येतं, बदलता येतं, पुढच्याला देता येतं."

"आणि तुझं त्यात काय?"

"मला कोणीतरी दिलं. मी तुम्हाला देतो."

"साबण-शाम्पूवालेही असंच म्हणतात. पहिली बाटली फुकट. मग म्हणशील, ताई, तुमच्या खाली चार बायका जोडा."

नरेंद्र हसला. "जोडल्यात तर बरंच आहे. पण कमिशन नाही मिळायचं."

यशोधरा बिलाची वाट बघत राहिली. बिल काही आलं नाही. पण एक गोष्ट तिला टोचायला लागली. ती काही टाइप करू लागली की तिच्या नावाखाली लाल रेघ यायची. आडनावाखालीही यायची. वंदनेतल्या निम्म्या शब्दांखाली यायची. बाकी कोणाकोणाची नावं कशी स्वच्छ, आणि ही रेघ नेमकी इथेच. तिला शाळेतला पहिला दिवस आठवला. मास्तरांनी सगळ्यांची आडनावं एकदा विचारली होती, तिचं दोनदा.

"यंत्राला शब्द माहीत नाहीत म्हणून रेघ येते," नरेंद्र म्हणाला. "कोणी सांगितलेच नाहीत. तुम्ही सांगा की."

ही 'खुली लेखणी' नावाची मंडळी होती. कोणी अंबरनाथचे, कोणी पुण्याचे, कोणी पार चंद्रपूरचे. सगळे मिळून त्या सॉफ्टवेअरला मराठी शब्द शिकवत होते. इंटरनेटवर त्यांचं एक पान होतं, कोणालाही वाचता येईल असं. शब्द तिथे मांडायचा, चर्चा तिथेच करायची, आणि चोरून काही बोलायचं नाही, असा रिवाज. यशोधराने भीतभीत स्वतःचं आडनाव मांडलं. एका अनोळखी मुलीने खाली लिहिलं, "ऐकलंय. माझ्या मावशीचं सासर शेजवळांचं." पुढची आवृत्ती आली आणि रेघ गेली. तू कुठली, किती शिकलीस, इंग्रजी येतं का, कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी यशोधराने 'शेजवळ' हा शब्द उगाचच पाच-सात वेळा टाइप करून बघितला.

मग ती त्यात रुतलीच. सेठच्या दुकानात प्रूफ तपासताना एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने कान देऊन छापलेल्याशी ताडायचं, अशी पद्धत होती. ती तिने इथे आणली. एकाने शब्द मांडला, तर तो ऐकलेला आणखी कोणीतरी हवा, तरच शब्द आत. मंडळींनी त्याला 'दुसरा कान' असं नावच दिलं. शब्द प्रत्यक्ष आत घालायची मुभा तिघांनाच होती. नरेंद्र, अंबरनाथचे निवृत्त शिक्षक विष्णुपंत, आणि यशोधरा. जिच्या नावाखाली रेघ यायची, तिच्या हातात आता रेघ पुसायचा अधिकार आला होता. सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं की ती कंप्युटर सुरू करायची. दोन्ही कामं ती सारख्याच मनाने करायची, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग हा करण आला.

बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरचा, असं त्याने लिहिलं होतं. शब्द धबाधबा मांडायचा. भाताच्या कामातले, रानातल्या भाज्यांचे, झोपडीच्या भागांचे. 'शेवळं' यशोधराला माहीत होतं, बदलापूर स्टेशनाबाहेर बायका विकायला बसतात, त्यांच्याकडून तिने घेतलेलं. त्याला तिने कान दिला. पण बाकीच्यांना कान देणार कोण? त्या भागातलं दुसरं कोणी मंडळीत नव्हतंच. करणचे शब्द पानावर साचत गेले.

यशोधराला त्याचा वास येईना, म्हणूनच संशय वाढला. फोटो नाही. अभ्यासिकेतल्या महिन्याच्या बैठकीला येत नाही. भाषा एकदम नीटनेटकी, कधी चिडणं नाही, कधी थट्टा नाही. उत्तरं भलत्याच वेळी येणार, नाहीतर आठवडाभर गप्प. हल्ली मशीनही माणसासारखं लिहितं, आणि माहीत नसलेलं ठोकून देतं, हे ती ऐकून होती. किंवा कोणी कंपनीवाला असेल, आधी गोड बोलून आत शिरायचं आणि मग कुलूप ठोकायचं. कुलपाशी तिची जुनी ओळख होती.

एका बैठकीत नरेंद्र म्हणाला, "करणला मुभा देऊन टाकू. त्याला दुसरा कान मिळणारच नाही. आपण त्याला दारात किती ताटकळत ठेवायचं?"

"माणूस बघितलाय कोणी?"

"इथे माणूस बघत नाहीत, ताई. काम बघतात. तुम्ही आलात तेव्हा कोणी विचारलं होतं, कुठली, कोणाची?"

हे तिला लागलं. पण घरी येताना रिक्षात तिच्या मनात एकच चाललं होतं. माझ्या शब्दांमागे मी होते, अभ्यासिकेत समोर उभी. ह्याच्यामागे कोण आहे?

दुसऱ्या दिवशी तिने एक शब्द बनवला. झिरवंडा. गळक्या छपराखाली ठेवायचं भांडं. कणीक मळता मळता सुचला आणि तिला स्वतःलाच खरा वाटला. तिने पानावर लिहिलं, "करण, तुमच्याकडे 'झिरवंडा' म्हणतात का?" आणि खाली अर्थ दिला. मशीन असेल तर लगेच हो म्हणेल, वर दोन वाक्यंही बनवून देईल. लबाड असेल तरी हो म्हणेल. आपण खोटं कुठे बोललो, नुसता प्रश्न तर विचारला, असं तिने मनाशी म्हटलं. तरी दुसऱ्या सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, जीभ जराशी अडखळली.

करणचं उत्तर आलं नाही. आलं ते विष्णुपंतांचं.

"वा, किती दिवसांनी भेटला हा शब्द. आमची आजी म्हणायची. पावसाळ्यात घरभर झिरवंडे मांडलेले असायचे."

यशोधराने ते पुन्हा वाचलं. ह्यांच्या आजीने कुठून ऐकला? मी तर काल बनवला.

मग चंद्रपूरच्या एकाने लिहिलं, काय नेमका शब्द आहे. पुण्याच्या बाईंनी लिहिलं, अशा शब्दांसाठीच तर आपण हे करतो. यशोधराने घाईने लिहिलं, "थांबा, करणला विचारलंय." पण ती नवी आवृत्ती काढायची वेळ होती आणि नरेंद्रला पाळी गाठायची होती. शब्द यशोधराताईंनी आणलाय, कान विष्णुपंत सरांचा आहे, अजून काय पाहिजे, असं म्हणून त्याने तो आत टाकला. तिने पुन्हा पान उघडलं, तेव्हा झिरवंडा जगात गेला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे करणला धरायला सापळा लावला होता, हेही सांगावं लागणार. शिवाय विष्णुपंतांना भर बाजारात खोटं पाडायचं. उद्या सांगू, असं ती रोज म्हणाली. गंमत अशी की मंडळीतले लोक तो शब्द वापरायला लागले. कोणीतरी लिहिलं, "आज आमच्या किचनमध्ये झिरवंडा ठेवलाय." यशोधराने ती ओळ वाचून पान बंद केलं.

आणि मग करणचं उत्तर आलं.

"उशीर झाला, माफ करा. पाड्यावर रेंज नाही. हा शब्द आमच्याकडे नाही. पलीकडच्या दोन पाड्यांवर विचारलं, वांगणीच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारलं. कोणी ऐकलेला नाही. तरी तो आत गेलेला दिसतो. कोणाकडून ऐकला होता?"

तो प्रश्न सगळ्यांसमोर उघडा पडून होता. यशोधराने तो किती वेळा वाचला असेल. मशीन असतं तर हो म्हणालं असतं. एवढ्या लोकांत नाही म्हणणारा हा एकटा, आणि सापळा तिने ह्याच्यासाठीच लावलेला. तरी तिचा स्वभाव जाईना. फार हुशार मशीन असेल तर नाहीही म्हणेल, असा विचार तिच्या मनात आलाच. तिचा तिलाच वीट आला.

ती उत्तर टाइप करायची आणि पुसायची. ह्या मंडळीत तिचं होतं काय? डिग्री नव्हती, इंग्रजी नव्हतं. तिने सांगितलं म्हणजे खरं, एवढीच तिची पत. ती गेली की पुन्हा लाल रेघ.

तिचं उत्तर नाही म्हटल्यावर करणने आणखी एक ओळ लिहिली. "येत्या रविवारी सुट्टी मिळाली आहे. बैठकीला येतो. दुसरा कान घेऊन येतो."

रविवारी अभ्यासिकेच्या दारात एक तिशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभा राहिला. मागे नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, पिकल्या केसांची बाई. ती चपला काढून हातातच घेऊन आत आली.

"ही आई. रखमा," करण म्हणाला. "मी इथेच एमआयडीसीत वॉचमन आहे. पाळीवर असलो की रेंज असते, तेव्हा लिहितो. गेटवर गाडी आली की थांबतो."

"फोटो का नाही लावलास?" यशोधराने विचारलं. तिला राहवलंच नाही.

"युनिफॉर्ममध्ये होतो, ताई. बरं दिसलं नसतं."

नरेंद्रने खुर्ची पुढे केली. रखमाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि सगळ्यांकडे एकेक करून बघून घेतलं. तसं बघणं यशोधराच्या चांगलं ओळखीचं होतं.

"तुमी आमचं शबुद घेताव," रखमाबाई म्हणाल्या. "घेऊन काय करनार?"

"कंप्युटरला शिकवतो, आजी," नरेंद्र म्हणाला.

"त्येच्यात तुमचं काय?"

नरेंद्रने यशोधराकडे बघितलं, ओठ दाबून. यशोधरा म्हणाली, "काही नाही, मावशी. पैसे नाहीत कोणाला."

"धरनाच्या टायमालाबी सायेब लोक आसंच बोलत. कुनाला काय नाय, तुमचंच भलं. मंग पानी आलं." त्यांनी पदर सारखा केला. "अंगठा नाय द्यायचा मी कुठं."

"अंगठा नको. फक्त ऐकलाय का, एवढंच सांगा."

मग करणने एकेक शब्द वाचला आणि रखमाबाईंनी मान हलवली. कुठे थांबून म्हणाल्या, "ह्यो तसा नाय रं, त्यो वायला." त्याने मुकाट्याने खोडलं. एका शब्दाला म्हणाल्या, "ह्यो तुझ्या बापाचा शबुद. बाकी कोन नाय बोलत," आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तो शब्दही गेला. विष्णुपंत कौतुकाने ऐकत होते. न राहवून त्यांनीच विचारलं, "आणि झिरवंडा? खरंच नाही तुमच्याकडे? आमच्या आजीच्या तोंडी तर..."

"गळतीखालचं भांडं?" रखमाबाई म्हणाल्या. "त्याला टोप बोलतो आमी. टोप ठेवतो."

खोलीत हसू पिकलं. रखमाबाई नाही हसल्या. "पन ह्यो मुलगा दोन पाडं फिरला त्या शबदापायी. हाय तरी कुनाचा त्यो?"

यशोधराला वाटलं, ही बाई थेट आपल्यालाच विचारते आहे. समोर पंचशीलाचा तक्ता होता. तिने तिकडे न बघता रखमाबाईंकडे बघितलं.

"माझा आहे," ती म्हणाली. "मी बनवला. कोणाकडून ऐकला नाही. तुमचा मुलगा खरा की खोटा, ते बघायला बनवला."

विष्णुपंतांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. नरेंद्रचा चेहरा पडला होता. करण हातातल्या मोबाइलकडे बघत होता.

"मंग?" रखमाबाईंनी विचारलं. "सापडला?"

"मीच सापडले, मावशी."

रखमाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "संशय घ्यावा," त्या म्हणाल्या. "मीबी घेते. पन मी त्वांडावर घेते."

विष्णुपंत हळूच म्हणाले, "आजीच्या घरात भांडी मांडायचो, ते खरं आहे. शब्द वाचला आणि तिचाच आवाज ऐकू आला. शपथेवर सांगितलं असतं मी."

"मी तुमचं नाव बघून घातला," नरेंद्र यशोधराला म्हणाला. आवाज कोरडा होता. "दुसऱ्या कोणाचा असता तर दहा प्रश्न विचारले असते."

"तेच चुकलं," यशोधरा म्हणाली. "करणला मुभा द्यायची की नाही, असं आपण भांडत होतो. देऊ नका. एकट्याने घालायची मुभा माझीही काढा, तुझीही काढ. विहाराच्या दानपेटीला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोन घरांत. अध्यक्षांवर कोणाचा राग आहे म्हणून का आहेत? मांडणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि आत घालणारा तिसराच, तोही 'कोणाकडून ऐकला' हे विचारल्याशिवाय नाही. मग तो करण असो नाहीतर मी."

नरेंद्रला ते पटायला वेळ लागला. कुलूप म्हटलं की त्याला राग यायचा. पण त्या दिवशी पानावर यशोधराने करणच्या प्रश्नाखाली सगळं लिहिलं, सापळ्यासकट, आणि झिरवंडा काढायची विनंती मांडली. पहिला दुजोरा करणचा आला. "ऐकलेला नाही. काढावा." बस, एवढंच. पुढे यशोधराचा नियम ठरला आणि आत घालणाऱ्यांत त्याचंही नाव आलं. यशोधराचंही राहिलं, पण पुण्याच्या बाई तिच्या शब्दांबद्दल आता दोनदा विचारतात. तिला त्याचं वाईट वाटत नाही, असं मात्र नाही.

निघताना नरेंद्र रखमाबाईंना म्हणाला होता, "तुमचं नाव लिहितो, आजी. मदत करणाऱ्यांची नावं असतात तिथे."

"नाय लिवायचं," त्या म्हणाल्या. "नाव लिवलं की मागनं कोनतरी येतं."

यशोधराने तेवढ्यापुरता त्यांचाच पक्ष घेतला. त्या शब्दांपुढे 'दुसरा कान : पाड्यावरून' एवढंच आहे.

पुढच्या आवृत्तीत 'झिरवंडा'खाली लाल रेघ आली. यशोधराने ती स्वतः तपासली. वडिलांच्या आठवणी ती आता पहिल्यापासून, आठवतील तशा पुन्हा लिहिते आहे. एखाद्या वाक्यापाशी अडली की भावाला फोन लावते. "बाबा असं म्हणाले होते ना रे?" भाऊ लगेच हो म्हणाला, तर तिला बरं वाटत नाही.

परवा पानावर एका नवीन मुलीने शब्द मांडला. झिरवंडा, गळक्या छपराखाली ठेवायचं भांडं. आमच्याकडे म्हणतात, असं तिने लिहिलं होतं. यशोधराचा हात पुसून टाकायला पुढे गेला होता. मग तिने नेहमीचाच प्रश्न टाइप केला.

"कोणाकडून ऐकला?"

उत्तर आलं, "आईकडून. ती रोज म्हणते."

पोरगी खोटं बोलत नव्हती, हे दिसतच होतं; शब्द फिरत फिरत तिच्या घरी पोचला असावा. तिने खाली सगळी हकिगत लिहिली, शब्दाचं मूळ स्वतःचं म्हणून सांगितलं, आणि शेवटी लिहिलं, "मी ह्यात कान देऊ शकत नाही. करणला विचारा."